चार नंबरचा अठरावा दिवस

४ सप्टेंबर, गुरुवार

प्रिय मावशी,

पाया पडते. भोंगादादा खाली हॅचरीची गाडी चालू ठेवून उभे आहेत आणि आपल्या नावाला जागून दर मिनिटाला हॉर्न वाजवताहेत. म्हणून आधी बातमी, मग बाकीचं.

शनिवारी तुमच्या हॅचरीच्या हॉलमध्ये नवा कॉम्प्युटर येतोय ना, त्याच्या पडद्यावर जे दिसेल ते मी लिहिलंय! आमच्या ऑफिसला हे काम मिळालं तेव्हा मी आमच्या टीमच्या ताईंना म्हटलं, ‘हा हॉल मला पाठ आहे. शाळेत असताना मी तिथे मावशीचा डबा घेऊन जायचे.’ मग सेटर म्हणजे अंडी उबवायचं मशीन, तिथे ट्रे दर तासाला कसे कलतात, अठराव्या दिवशी अंडी तिथून काढून हॅचरच्या, म्हणजे पिल्लं निघायच्या मशीनच्या, सपाट टोपल्यांत का ठेवायची, हे सगळं मी त्यांना समजावलं. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात हे तर मी अशा थाटात सांगितलं, जणू मीच उबवते. ताईंनी हॉलचा पडदा माझ्याकडे दिला. नोकरीला तीनच महिने झालेत आणि माझं पहिलं स्वतंत्र काम तुझ्या भिंतीवर लागणार.

पडद्यावर एका वेळी एकच ओळ असेल. पुढचं मशीन कोणतं, आणि त्यातली अंडी कुठल्या तारखेला, किती वाजता काढायची. बस. आकडे एवढे मोठे ठेवलेत की तुला चष्मा शोधावा लागणार नाही.

आणि एक गोष्ट आहे, तिचा मला फार अभिमान वाटतो. प्रत्येक देशाची तारीख आणि वेळ लिहायची रीत निराळी असते. कॉम्प्युटरमध्ये ती रीत नोंदवलेली असते, तिला लोकेल म्हणतात. मी प्रोग्रॅम जावा नावाच्या भाषेत लिहिलाय. तो आधी कॉम्प्युटरची रीत बघतो आणि त्याप्रमाणे तारीख दाखवतो. म्हणजे तोच प्रोग्रॅम जगात कुठेही लावा, माणसाला आपल्या सवयीचं दिसणार. मी माझी पद्धत कुणावर लादली नाही. शिकून काहीतरी भलं करायचं म्हणतात ते हेच ना?

आता मशीनच्या दारावर खडूने तारखा लिहिणं सोडून दे. पडद्यावर विश्वास ठेव. आणि कसा दिसतो ते खरं खरं लिही. फोनवर आपण दोघी नुसतं ‘बरं आहे, बरं आहे’ करतो.

तुझी,
घरातली पहिली पदवीधर


७ सप्टेंबर, रविवार

पोरी,

आशीर्वाद शेवटी देते, आधी कौतुक ऐक.

काल कॉम्प्युटर आला. दोन माणसं आली, भिंतीला भोकं पाडली, आमच्या मशीनवर धूळ उडवली म्हणून माझ्या शिव्या खाल्ल्या आणि गेली. पडदा सुरू झाला तेव्हा आम्ही सगळ्याजणी समोर उभ्या. आकडे भोपळ्याएवढे! मी म्हटलं, ‘हे माझ्या भाचीने केलंय.’ त्यावर पॅकिंगमधली म्हणते, ‘मग तुझ्यासारखंच मोठमोठ्याने बोलतंय.’ मला राग आला नाही. आज कुणी काहीही बोलावं.

सुपरवायझर तर हरखलेच. तुला माहीत आहे, ते सहा महिन्यांपूर्वी खाद्याच्या गोदामातून इकडे आले. पोती मोजण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, पण अंड्यांच्या बाबतीत त्यांना सगळं आम्हाला विचारावं लागायचं आणि त्यात त्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. आता विचारायला नको. काल लगेच हुकूम सोडला: दारावरच्या तारखा पुसा, नोंदवही बंद, पडदा सांगेल तेव्हाच अंडी काढायची आणि तीही त्यांची सही झाल्यावर. मी फडकं घेऊन स्वतः दारं पुसली. तू सांगितलं होतंस ना.

एवढंच एक विचारायचं होतं. चार नंबरच्या मशीनमधली अंडी मी एकवीस ऑगस्टला, गुरुवारी लावली. माझ्या मोजणीने उद्या सोमवारी अठरा दिवस भरतात. पडदा म्हणतो नऊ, म्हणजे मंगळवार. माझंच कुठेतरी चुकत असेल. चौथीपर्यंतची शाळा आणि त्यात गणिताच्या बाईंची माझ्यावर मर्जी नव्हती. पण सवड मिळाली तर मोजून बघ.

भोंगा मंगळवारी शहरात पिल्लं पोचवायला येईल, त्याच्याबरोबर हे देते.

जेवत जा. आणि आशीर्वाद.

मावशी


९ सप्टेंबर, मंगळवार

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यातच वाचलं. भोपळ्याचं वाचून एवढी हसले की वरून कुणीतरी डोकावलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. अंडी लावली तो दिवस मोजायचा नसतो. तो शून्य. दुसऱ्या दिवसापासून एक. तू गुरुवारालाच पहिला दिवस धरलास, म्हणून तुझं एका दिवसाने आधी येतंय. ही चूक फार जणांकडून होते, आम्हाला कॉलेजात याच्यावर एक अख्खा तास शिकवलं होतं. तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस. कॉम्प्युटर मोजण्यात चुकत नाही, मावशी. माणूस चुकतो. म्हणून तर त्याला कामाला लावायचं, म्हणजे तुझ्या डोक्याला तेवढाच आराम.

आज मंगळवार, म्हणजे हे पत्र पोचेपर्यंत चार नंबरची अंडी हॅचरमध्ये गेलेली असतील. मला इथे बसून ती दिसताहेत असं वाटतं.

तुझी,
भाची


१० सप्टेंबर, बुधवार

पोरी,

तुझं पत्र पोचलं. शून्याचं समजलं. तू म्हणतेस तर तसंच असेल.

मी दोन दिवस घरी आहे. गुडघे जरा कुरकुर करताहेत, म्हणून सुट्टी टाकली. काळजीचं कारण नाही. तुझ्या आईला यातलं काही कळवू नकोस, ती उगाच तेल घेऊन यायची.

पडदा छान चाललाय. इकडची काळजी करू नकोस, कामात लक्ष घाल.

मावशी


११ सप्टेंबर, गुरुवार

मावशी,

तुझे गुडघे कसे आहेत म्हणून मी आज सकाळी भोंगादादांना विचारलं. ते म्हणाले, ‘गुडघ्यांना काय धाड भरलीय? काल बाई अख्खा जिना धूत होत्या, वरपासून खालपर्यंत.’ मग एकदम जीभ चावली. मी गाडीची किल्लीच काढून घेतली आणि म्हटलं, खरं सांगितल्याशिवाय जायचं नाही.

त्यांनी सगळं सांगितलं. सोमवारी सकाळी तू सुपरवायझरना ‘आज अठरावा’ म्हणालीस, ते ‘पडदा नऊ म्हणतो’ म्हणाले आणि सही केली नाही. मग तू दोघी जोडीदारणींना घेऊन चार नंबरची चार हजार आठशे अंडी सहीशिवाय हॅचरमध्ये हलवलीस. त्यावर ते म्हणाले, ‘घरी बसा. गुरुवारी पिल्लं काय निघतात ते बघू, मग ठरवू ठेवायचं की नाही.’ एकवीस वर्षांची तुझी नोकरी, आणि तू मला गुडघ्याचं सांगतेस!

मला आधी त्यांचा राग आला. मग दादा म्हणाले, ‘आता तर साहेबांचीच पंचाईत झालीय. मंगळवारी चार नंबर झालं म्हणून कॉम्प्युटरवर नोंद केली, तर पुढची ओळ आली. पाच नंबर, तेही नऊ तारखेलाच! त्या अंड्यांना जेमतेम पंधरा दिवस झालेत. साहेब कपाळाला हात लावून बसलेत. विचारायचं कुणाला? बाई घरी.’

मी विचारलं, ‘नेमकं काय दिसतंय? नऊ आणि पुढे?’

‘नऊ, तिरकी रेघ, बारा.’

‘आणि चार नंबरला काय होतं?’

‘नऊ, रेघ, आठ.’

मावशी, मी तिथेच फुटपाथवर बसले. आता नीट वाच, मी माझ्या समजुतीसाठीही लिहितेय.

काही देशांत महिना आधी लिहितात आणि तारीख मागून. तुमच्याकडे आलेला नवा कॉम्प्युटर तशा रीतीवर लावलेला आहे. त्यातला नऊ म्हणजे सप्टेंबर. नऊ-आठ म्हणजे आठ सप्टेंबर, सोमवार. नऊ-बारा म्हणजे बारा सप्टेंबर, उद्या. प्रोग्रॅमने मोजलं बरोबर होतं, अगदी तुझ्याइतकं बरोबर. फक्त दाखवलं परक्या रीतीने, कारण मीच त्याला सांगितलं होतं की कॉम्प्युटर म्हणेल ती रीत धर. तुमच्या हॉलमध्ये महिना कुणीच वाचत नाही. अंड्याचा सगळा जन्मच एकवीस दिवसांचा, महिना वाचायचा कशाला? पहिला आकडा म्हणजे तारीख, हे मी लहानपणी तुमच्याकडूनच ऐकलेलं. माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला आपली रीत लावलेली होती. मी फक्त त्याच्यावर तपासलं आणि जगाचं भलं केलं म्हणून मिरवलं.

आणि तुला शून्य शिकवलं. तू विचारलंस तेव्हा मी बोटांवरसुद्धा मोजलं नाही. आज मोजलं. गुरुवार शून्य धरूनच तुझे अठरा सोमवारी भरतात. तू शून्य धरलंच होतंस.

तू सोमवारी माझ्या पडद्याचं ऐकलं असतंस तर? एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लं चोच मारायला लागतात आणि ट्रे कलतच असतात. मला पुढचं लिहवत नाही.

आता मी ताईंकडे जाणार आहे. मला भीती वाटते. मला अजून कायम केलेलं नाही, आणि गेल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं. पण कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे हॅचरीवालीच्या भाचीला कुणी सांगायला नको. हे पत्र आधी दादांच्या हातात देते आणि मग वर जाते. म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

आज गुरुवार. पिल्लं निघाली असतील का गं?

तुझी


१२ सप्टेंबर, शुक्रवार

माझ्या वेड्या पोरी,

निघाली! चार हजार एकशे तीस. बऱ्याच दिवसांत चार नंबरने असं दिलं नव्हतं. पॅकिंगमधलीने काल दुपारी हॉलमधून पळत येऊन मला घरी सांगितलं, कपड्यांवर पिसांची लव तशीच. मी धुणं टाकून खालीच बसले. गुडघे त्या वेळी मात्र खरंच गेले.

तुझ्यापासून लपवलं ते चुकलं. पण तुझं शून्याचं पत्र आलं तेव्हा मी आधीच घरी होते. तुला कळलं असतं तर तू जन्मभर ‘माझ्यामुळे मावशीची नोकरी’ करत बसली असतीस. आणि खरं सांगते, ते पत्र वाचल्यावर माझीसुद्धा खात्री डळमळली. वाटलं, एवढी शिकलेली पोर सांगतेय. मंगळवार-बुधवार मी पुन्हा पुन्हा बोटं मोजत होते आणि दर वेळी निराळं उत्तर येत होतं. जिना त्याचमुळे धुतला. बसवत नव्हतं.

सोमवारी मात्र मी नुसत्या मोजणीवर गेले नव्हते. दहा-बारा अंडी दिव्यावर धरून बघितली होती. आतली हवेची पोकळी कलली होती. ती कलली की समजायचं, पिल्लू वळून बसलंय, आता त्याला हलवलं-डुलवलेलं चालत नाही. तिथे तुझा पडदा काय आणि साहेबांची सही काय.

आता पुढचं. पिल्लं निघाली तरी सुपरवायझर ऐकेनात. पॅकिंगमधलीला म्हणाले, ‘निघाली ते नशीब. उद्या प्रत्येकजण स्वतःच्या मनाने अंडी हलवायला लागला तर?’ एका परीने त्यांचंही खरं होतं. मी मनाची तयारी करून ठेवली. आणि संध्याकाळी बघते तर स्वतः दारात! घामाघूम. आत या म्हटलं तर बाहेरच उभे.

‘बाई, तुमच्या भाचीच्या ऑफिसातून फोन आला.’

‘काय केलं तिने?’

‘तिने काही केलं नाही. म्हणजे, केलं. ती स्वतः म्हणाली, चूक माझ्या पडद्याची, हॉलमधल्या माणसांची नाही. तिच्या मॅडमनी तसं लिहूनही पाठवलंय.’ मग म्हणाले, ‘मीसुद्धा मोजायला हवं होतं. गोदामात पोत्यांना दिवस नसतात हो.’

मी म्हटलं, ‘चहा घेणार का?’

ते म्हणाले, ‘आधी उद्याचं सांगा. पाच नंबर खरंच उद्या ना?’

‘खरंच उद्या.’

‘शपथ?’

‘अहो, पंचवीस ऑगस्टची अंडी ती. शपथ कशाला, बोटं आहेत की!’

मग चहा घेतला. दोन कप. आज सकाळी सहाला पाच नंबर हलवलं, मी होते.

तुझ्यावर रागवायला मला वेळ नाही. पण एक सुचवते. तू तारीख कुठल्या रीतीने लिहावी यावर एवढं डोकं चालवलंस, पण आम्हाला तारखेचं करायचं काय? अंड्याला तारीख कळत नाही. त्याला त्याचा दिवस कळतो. पडद्यावर मोठ्या आकड्यात तेवढाच लिही: चार नंबर, अठरावा दिवस. हे कुठल्या देशात उलटं वाचतात ते मला दाखव.

तुझ्या नोकरीचं काय झालं? ते तू लिहिलंच नाहीस. सुपरवायझरना विचारलं तर म्हणतात, मॅडमचा आवाज शांत होता. शांत आवाज दोन प्रकारचा असतो. लवकर कळव.

तुझी मावशी


१३ सप्टेंबर, शनिवार

प्रिय मावशी,

शांत आवाज चांगल्या प्रकारचा होता!

मी ताईंसमोर उभी राहून सगळं एका दमात सांगितलं. शेवटी रडूही आलं, जे मी ठरवलं नव्हतं. त्यांनी माझं ऐकून घेतलं, स्वतःच्या कॉम्प्युटरची रीत बदलली आणि माझा प्रोग्रॅम चालवून बघितला. नऊ-आठ आलं. मग म्हणाल्या, ‘लिहिलास तू. तपासून पुढे पाठवला मी, आणि मीही माझ्याच टेबलावर तपासला. तेव्हा फोन मी करते, तू बाजूला बस.’ फोन ठेवल्यावर म्हणाल्या, ‘तुझ्या मावशी आपल्याकडे येतील का तपासणीला?’ मी म्हटलं, त्यांना विचारते, पण त्या ऑफिसातल्या सगळ्यांना ओरडतील.

मला काढलेलं नाही. कायम करण्याचं जानेवारीत बघणार होते, तसंच बघणार आहेत.

तुझी सूचना दादांनी आणली तेव्हा ताई माझ्या शेजारीच होत्या. मी तो भाग मोठ्याने वाचला. मी तीन आठवडे तारखांच्या पद्धती वाचत होते, मावशी. एकदाही मनात आलं नाही की हॉलमध्ये बायका एकमेकींना ‘आज कितवा?’ एवढंच विचारतात.

आता पडद्यावर सगळ्यात मोठा आकडा दिवसाचा आहे. त्याखाली बारीक अक्षरात ‘सोमवार, १५ सप्टेंबर, सकाळी ६’, वार आणि महिना अक्षरांत, म्हणजे कुठलाही कॉम्प्युटर आला तरी आठाचा नऊ होणार नाही. प्रोग्रॅम पहिल्यांदा सुरू होताना रीत कोणती हवी ते माणसाला विचारतो, कॉम्प्युटरला नाही. मी काल दिवसभर निरनिराळ्या देशांच्या रीती लावून एकेक तपासली. एका ठिकाणी संध्याकाळचे सहा आणि सकाळचे सहा सारखेच दिसत होते, तेही सापडलं. प्रत्येकाला आपल्या सवयीचं दिसावं असं मला अजूनही वाटतं. फक्त त्याची सवय काय ते त्याच्याजवळ जाऊन बघायला हवं होतं.

नवा प्रोग्रॅम आजच पाठवतोय. गुरुवारी मी स्वतः बघायला येणार आहे, ताईंनीच सांगितलं. दिवसभर तुझ्याबरोबर हॉलमध्ये थांबणार, काही न बोलता.

काल रात्री मी नऊ तास झोपले.

तुझी,
भाची


१६ सप्टेंबर, मंगळवार

पोरी,

नऊ तास झोपलीस हे वाचून मला तुझ्या नोकरीपेक्षा जास्त बरं वाटलं.

काही न बोलता थांबणार म्हणतेस, ते काही मला खरं वाटत नाही. तरी ये. गेटवर बूट बदलायचे, हात कोपरापर्यंत धुवायचे, केस टोपीत. इंजिनियरीणबाई असलीस तरी सूट नाही. तुमच्या ऑफिसातल्या तपासणीचं मात्र ताईंना नको म्हणून सांग. अंडी मला उलट उत्तर देत नाहीत.

नवा पडदा लागला. काल सकाळी त्यावर आलं: ‘सहा नंबर, अठरावा दिवस’. आम्ही सगळ्यांनी बोटांवर मोजून बघितलं. अठराच. सुपरवायझरनीही मोजलं, पाठीमागे हात लपवून.

त्यांनी नियमही बदललाय. आता अंडी हलवायची तर कागदावर दोन सह्या लागतात, एक त्यांची आणि एक माझी. माझी नसेल तर पडद्याने सांगितलं तरी हलवायची नाहीत. काल पहिल्यांदा कागद पुढे केला. मला सहीची सवय नाही, पगाराच्या कागदावर मी नुसतं पहिलं अक्षर काढते. पण इथे म्हटलं, पूर्ण करावी. माझं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, काना-मात्रा जागच्या जागी. कागदावर जागा संपली तेव्हा खालच्या ओळीत गेले. दोघी जोडीदारणी ट्रे हातात धरून उभ्या होत्या.

शेवटी सुपरवायझर हळूच म्हणाले, ‘बाई, सुंदर होतेय सही. पण अंडी थंड पडतील.’

तुझी मावशी